फोटो रॅग ३०८ : गंगेवरच्या जलरंगांसाठी कागद, आणि नाशिकची हवा

नाशिकमध्ये जलरंगातलं चित्र घ्यायला आलेला माणूस हमखास गंगेवरचं (इथे गोदावरीला गंगाच म्हणतात) चित्र मागतो. रामकुंड, नारोशंकराचं देऊळ, पुरात छातीपर्यंत बुडालेला दुतोंड्या मारुती. मूळ चित्र एकच असतं, ते एकाच्या घरी जातं. बाकीच्यांना चांगली प्रिंट देता आली तर चित्रकाराच्या हातात वर्षभर थोडंथोडं येत राहतं, आणि २०२७ च्या सिंहस्थामुळे ही विचारणा आणखी वाढणार हे उघड आहे. अशा प्रिंटसाठी ज्या कागदाचं नाव बहुधा पहिलं निघतं तो हानेम्यूले कंपनीचा फोटो रॅग ३०८. हे परीक्षण त्या कागदाचं, पण इथल्या हवेत आणि इथल्या चित्रांवर तो कसा वागतो या अंगानं. निकाल आधीच सांगतो. खरबरीत कागदावर रंगवलेल्या जलरंगांसाठी हा गुळगुळीत कागद फार भरवशाचा आहे. पण त्याचे पैसे वसूल होणं न होणं हे प्रिंटरच्या आधी आणि प्रिंटरच्या नंतर काय होतं यावर ठरतं.

हानेम्यूले ही १५८४ सालापासून चालत आलेली जर्मन कागदगिरणी. फोटो रॅग ३०८ म्हणजे शंभर टक्के कापसाचा, दर चौरस मीटरला ३०८ ग्रॅम वजनाचा, ०.४८ मिलिमीटर जाडीचा मॅट, म्हणजे चमक नसलेला, कागद. एका बाजूला शाई धरून ठेवणारा लेप असतो. नाशिककरांना कापसाचा कागद काही परका नाही. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात आणि आपल्या नोटांचा कागदही कापसाचाच आहे. कारण दोन्हीकडे एकच. कापसाचा तंतू लांब आणि चिवट असतो, आणि त्यात लाकडातलं लिग्निन नसतं. गच्चीवर चार दिवस उन्हात राहिलेलं वर्तमानपत्र पिवळं पडतं ते या लिग्निनमुळे.

कागद महाग आहे, म्हणून तो खरंच वापरला आहे का हे तपासण्याची सवय लावून घ्यावी. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. ए३ आकाराचा कोरा कागद ३८.४ ग्रॅम भरला पाहिजे, ए४ असेल तर १९.२ ग्रॅम. सराफाकडचा छोटा काटा यासाठी पुरेसा आहे. प्रिंट कापल्यावर उरलेली पट्टी मागून घ्या आणि तिचा कोपरा सावकाश फाडा. कापसाच्या कागदाची कड मऊ, केसाळ फाटते. लाकडी लगद्याच्या जाड आयव्हरी कार्डाची कड आखूड आणि ठिसूळ तुटते. तिसरी चाचणी दुकानांमध्ये नोटा तपासायला असतो त्या निळ्या दिव्याची. खरी नोट त्या दिव्याखाली अंधारी दिसते, झेरॉक्सचा कागद निळाजांभळा उजळतो. फोटो रॅग ३०८ अगदी हलकासा उजळतो, कारण त्यात शुभ्रता वाढवणारं रसायन थोड्या प्रमाणात आहे. लख्ख उजळला तर तो हा कागद नव्हे. हे रसायन मुळीच नको असेल तर त्याच कंपनीचा म्युझियम एचिंग किंवा कॅन्सन कंपनीचा रॅग फोटोग्राफिक पाहावा. वर्षानुवर्षं उजेडात राहिल्यावर या रसायनाचा जोर ओसरतो आणि कागद मूळच्या किंचित उबदार पांढऱ्यावर येतो. प्रमाण कमी असल्यानं फोटो रॅगमध्ये हा फरक लहान राहतो, पण चित्रात कोरा कागद खूप सोडलेला असेल तर तो विचारात घ्यायला हवा.

आता पोताकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त चूक इथे होते. चित्रकाराला वाटतं, चित्र खरबरीत कागदावर आहे तर प्रिंटही खरबरीत कागदावर हवी. म्हणून तो याच कंपनीचे विल्यम टर्नर किंवा जर्मन एचिंग हे खरबरीत कागद मागतो. पण चित्राचा फोटो काढताना मूळ कागदाचं पोत सावल्यांसकट फाइलमध्ये आलेलं असतं. ग्रॅन्युलेशनमध्ये (रंग दाणेदार बसतो तेव्हा) खळग्यात साचलेला अल्ट्रामरिन निळ्याचा कण, कोरड्या कुंचल्यानं घाटाच्या पायरीवर सोडलेले पांढरे ठिपके, हे सगळं फाइलमध्ये आहे. ते वेगळ्याच उंचवट्यांच्या कागदावर छापलं की एक पोत दुसऱ्यावर चढतं. खळग्यातला रंग उंचवट्यावर येतो आणि उंचवट्यावरची चमक खळग्यात जाते. दूरून फरक कळत नाही, हातात घेतलं की चित्र गढूळ वाटतं. फोटो रॅग गुळगुळीत आहे म्हणून तो मधे बोलत नाही. प्रिंटवर तिरपा उजेड पाडून पाहिला तर पृष्ठभाग सपाट दिसतो, समोरून पाहिलं तर मूळ कागदाचे दाणे जागच्या जागी दिसतात. खरबरीत कागदाचा उपयोग उलट ठिकाणी आहे: गुळगुळीत कागदावर शाईनं केलेली रेखाटनं, किंवा डिजिटल चित्र, ज्यात स्वतःचं पोत नसतं.

दुसरा प्रश्न पांढऱ्याचा. जलरंगात पांढरा म्हणजे सोडलेला कागद. मूळ कागद बहुधा दुधी, किंचित पिवळसर असतो आणि फोटो रॅग त्याहून शुभ्र. इथे दोन वाटा आहेत आणि दोन्हींची किंमत मोजावी लागते. फाइलमधला दुधी रंग तसाच ठेवला तर शुभ्र कागदावर दुधी चौकोन छापला जातो आणि सभोवतीच्या पांढऱ्या किनारीशी त्याची रेघ दिसते. तो दुधी रंग काढून टाकला तर किनार आणि चित्र एक होतात, पण त्याबरोबर पहाटेच्या धुक्याचा पातळ वॉशही (पाणी घालून पसरलेला रंगाचा थर) उडून जातो, कारण तो वॉश आणि कागदाचा रंग यांच्यात मुळातच फार थोडं अंतर असतं. मधली वाट अशी की कागदाचा सर्वात उजळ भाग २५५ पैकी साधारण २५० वर आणायचा, पूर्ण पांढरा करायचा नाही, आणि पिवळेपणा फक्त निम्मा कमी करायचा. ज्या चित्रात अर्ध्याहून जास्त कागद कोरा आहे त्याला मात्र फोटो रॅगचा हट्ट धरू नये. म्युझियम एचिंगचा ३५० ग्रॅमचा नैसर्गिक पांढरा रंग त्या चित्राच्या कागदाशी आपसूक जुळतो.

काळ्याची परीक्षा नाशिकच्या चित्रात टळत नाही. घाटाच्या पायऱ्या आणि काळारामाचं देऊळ काळ्या दगडाचं. मॅट कागदाची अडचण अशी की त्याचा सर्वात गडद काळा चकचकीत कागदाच्या काळ्याइतका खोल कधीच उतरत नाही. घनतेच्या मापात (आकडा मोठा तितका काळा खोल) मॅटवर साधारण १.६ ते १.७ मिळतं, बॅरिटासारख्या चमकदार कागदावर २.२ च्या वर. जलरंगाला याचा त्रास कमी होतो, कारण जलरंगातला काळाही वाळल्यावर मॅटच असतो. पण सावल्यांचं सोपं गणित लक्षात ठेवावं. फाइलमध्ये ० ते १५ या दरम्यानचे सगळे आकडे या कागदावर जवळजवळ एकच काळा होऊन येऊ शकतात. पायरीची उभी बाजू आणि तिच्याखालची सावली त्याच पट्ट्यात असेल तर पायरी नाहीशी होते. उपाय म्हणजे छापण्याआधी सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी येईल याचा स्क्रीनवरचा अंदाज, पाहून खालच्या छटा थोड्या उचलणं. तैलरंग किंवा जाड ॲक्रिलिकच्या चित्रासाठी याच कारणानं फोटो रॅग ३०८ घेऊ नये. त्या चित्रांची वार्निशची खोली मॅटवर येत नाही, तिथे फोटो रॅग बॅरिटा ३१५ बरा.

काही रंग कोणत्याच कागदावर येणार नाहीत, हे ग्राहकाला आधी सांगावं. रहाडीच्या, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या हौदाच्या, रंगपंचमीच्या चित्रात ऑपेरा पिंक वापरला असेल तर तो प्रिंटमध्ये विझतो. त्याची झळाळी फ्लुरोसन्सची असते. तो अदृश्य किरण घेतो आणि दृश्य उजेड परत देतो. प्रिंटरच्या शाईत ते नाही. कळसाला लावलेला धातूचा सोनेरीही छापता येत नाही, तो मातकट पिवळा होतो. तो भाग हातानं पुन्हा रंगवून देता येतो, आणि तसं केलं तर प्रिंटबरोबर द्यायच्या प्रमाणपत्रात तसं लिहावं. कोबाल्ट आणि अल्ट्रामरिन निळ्याची गोष्ट वेगळी. हे रंग वर्णपटाच्या लाल टोकाला पुन्हा थोडा उजेड परावर्तित करतात. डोळ्याला ते जाणवत नाही, कॅमेऱ्याच्या सेन्सरला जाणवतं. म्हणून फोटोतलं आकाश जांभळट येतं, आणि दोष कागदावर किंवा शाईवर ढकलला जातो. सगळी फाइल निळी करून हा दोष जात नाही. निळ्या आणि जांभळ्या पट्ट्याचीच छटा, मूळ चित्र शेजारी ठेवून, हिरव्याकडे सरकवावी लागते.

यावरून लक्षात येईल की चित्राचं छायाचित्रण हा कागदाइतकाच मोठा विषय आहे. हाफ इम्पिरियल म्हणजे १५ × २२ इंची चित्र मूळ आकारात ३०० पिक्सेल प्रति इंचानं छापायला ४५०० × ६६०० पिक्सेल लागतात, म्हणजे जवळपास ३० मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून लांब बाजूवर सुमारे २७० पिक्सेल प्रति इंच मिळतात, आणि हातात धरून पाहायच्या प्रिंटलाही ते चालतात. दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशात, सारख्या अंतरावर, सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो याचा शंभरपैकी आकडा) ९५ च्या वरचे. खिडकीचे पडदे बंद, ट्यूबलाइट बंद. मिश्र उजेडात काढलेला फोटो नंतर कुणालाच सुधारता येत नाही. चित्राच्या जागी आधी पांढरा कागद लावून त्याचा फोटो घ्या आणि चार कोपरे व मध्यभागाचे आकडे वाचा. दोन-तीनपेक्षा जास्त फरक असेल तर दिवे सरकवा. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्राला समांतर हवा. चित्राच्या मध्यावर छोटा आरसा धरून त्यात लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसतं का पाहिलं की हे जमतं. ॲपर्चर एफ/८, रॉ फाइल, आणि शेजारी २४ चौकोनांचा रंगतक्ता. हे सगळं चित्र फ्रेम होण्याआधी, आणि विकलं जाण्याआधी. एकदा मूळ चित्र पुण्या-मुंबईला गेलं की दुसरी संधी नाही.

छापताना रंग बिघडण्याची कारणं मोजकी आहेत. प्रत्येक प्रिंटर आणि कागदाच्या जोडीसाठी आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या जोडीवर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल, लागतं. कंपनी आपल्या संकेतस्थळावर ते फुकट देते, आणि त्याबरोबर कोणता मीडिया टाइप निवडायचा हेही सांगते. मीडिया टाइप चुकून चकचकीत कागदाचा राहिला तर प्रिंटर मॅट ब्लॅकऐवजी फोटो ब्लॅक शाई ओततो आणि काळा राखाडी होतो. फोटोशॉप आणि प्रिंटरचा ड्रायव्हर या दोघांनीही रंगव्यवस्थापन चालू ठेवलं तर रंग दोनदा बदलतो, बहुधा गुलाबी किंवा लालसर झाक येते. ड्रायव्हरमधलं बंद ठेवावं. रेंडरिंग इंटेंट (छापता न येणाऱ्या रंगांचं काय करायचं ते ठरवणारी सेटिंग) जलरंगाला बहुतेक वेळा रिलेटिव्ह कलरिमेट्रिक, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनसह. रहाडीसारखं भडक चित्र असेल तर पर्सेप्च्युअलही छापून दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवाव्यात. कागद उलटा लागला तर शाई पसरते आणि रंग मेल्यासारखे दिसतात. शंका आली तर ओलसर बोटाचं टोक कोपऱ्याला लावावं, लेपाची बाजू बोटाला किंचित चिकटते.

‘प्रिंट काळी आली’ ही तक्रार नेहमीची, आणि त्यात कागदाचा दोष क्वचितच असतो. लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण उजेडात असते, प्रिंट मात्र खोलीतल्या उजेडावरच दिसते. स्क्रीन कॅलिब्रेट करून ८० ते १०० कँडेला प्रति चौरस मीटरवर आणली की निम्मा वाद मिटतो. प्रूफ, म्हणजे नमुना प्रिंट, मागताना सगळं चित्र लहान करून मागू नका. मूळ आकारातला ए४ एवढा तुकडा मागा, ज्यात सर्वात गडद सावली, सर्वात पातळ वॉश आणि माणसाच्या कातडीचा रंग तिन्ही असतील. तो दिवसा उत्तरेच्या खिडकीजवळ पाहा आणि रात्री दिवाणखान्याच्या पिवळ्या एलईडीखालीही पाहा. ग्राहक तो तिथेच लावणार आहे.

प्रिंटरबद्दल एवढंच, की पिगमेंट, म्हणजे घन रंगकणांच्या, शाईचा हवा. कॅननचा प्रो-१००० (बारा टाक्या, ए२ पर्यंत) किंवा एप्सनचा पी९०० (दहा शाया, तोही ए२ पर्यंत) या दोन्हींवर फोटो रॅग छान उतरतो, आणि दोन्हींत मॅट व फोटो ब्लॅक अदलाबदल न करता वापरता येतात. अशा प्रिंटसाठीचा जिक्ले हा शब्द १९९१ साली कॅलिफोर्नियात जॅक डुगान यांनी रूढ केला तेव्हाच्या आयरिस यंत्रांची डाय (विरघळलेल्या रंगाची) शाई उजेडात लवकर उडत असे. त्या अनुभवातूनच पिगमेंट शाईची वाट धरली गेली. आज शहरात ‘कॅनव्हास प्रिंट’ म्हणून मिळतं ते बहुधा फ्लेक्ससाठीच्या इको-सॉल्व्हंट यंत्रावर निघतं. त्याला वास येतो, भिंगातून ठिपके जाड दिसतात, हलक्या छटांत वाळूसारखे दाणे उठतात. दुकानाच्या भिंतीसाठी ते ठीक आहे. त्याला फाइन आर्ट प्रिंट म्हणून अंक घालून विकणं बरोबर नाही.

आता हवा. फोटो रॅगला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. नाशिकमध्ये ती वर्षातले थोडेच महिने आपसूक मिळते. जून ते सप्टेंबरमध्ये उघडा राहिलेला कागद ओल ओढतो. कापूस फुगतो, कडा लाटांसारख्या उचलतात, आणि वर सरकणारं प्रिंटहेड त्या उचललेल्या कडेला घासतं. प्रिंटच्या कोपऱ्यावर दोन-तीन सेंटिमीटरचा काळा ओरखडा दिसला की कारण बहुधा हेच. ड्रायव्हरमध्ये कागद घासू नये म्हणून हेडची उंची वाढवण्याचा पर्याय असतो, तो या कागदाला पावसाळ्यात चालूच ठेवावा. रेषा किंचित मऊ होते पण कागद वाचतो. कागद कंपनीच्या पिशवीतच, तोंड बंद करून, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, आणि छापायच्या खोलीत आदल्या दिवशी आणून ठेवावा. खोलीत साधा हायग्रोमीटर टांगलेला नसेल तर त्या स्टुडिओत पावसाळ्यात संस्करण, म्हणजे अंक घातलेल्या ठरावीक प्रती, काढू नये. हे मत कडक वाटेल, पण ए२ चे चार कागद वाया गेले की ते पटतं.

उन्हाळ्यात उलटं. मार्च ते मे हवा कोरडी, पारा चाळिशीकडे. नोझल सुकतात, आणि आकाशाच्या सपाट वॉशमध्ये केसाएवढ्या आडव्या पांढऱ्या रेघा येतात. रोज सकाळी नोझल चेक, आठवड्यातून एकदा तरी सर्व रंगांची छोटी प्रिंट. वीज गेली की आणखी एक धोका. प्रिंटर बटणानं बंद केला तर हेड आपल्या टोपणाखाली जाऊन बसतं. मधेच वीज गेली तर ते उघड्यावर राहतं आणि शाई त्यातच वाळते. प्रिंटरला यूपीएस हा खर्च नाही, गरज आहे.

या दिवसांतली धूळ आणि कापसाचा स्वतःचा भुरका यांनी या कागदाचा सर्वात त्रासदायक दोष तयार होतो. छापताना पृष्ठभागावर तंतूचा एखादा कण बसलेला असतो. शाई त्याच्यावर पडते, मग तो कण निघून जातो आणि गडद सावलीत टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका उरतो. छापण्याआधी प्रत्येक कागद उभा धरून रुंद, मऊ केसांच्या कुंचल्यानं एकाच दिशेनं झटकावा. तोंडानं फुंकर मारू नये, थुंकीचा सूक्ष्म थेंब लेपावर डाग करतो. एवढं करूनही ठिपका आला तर पातळ जलरंगानं, तीन शून्याच्या कुंचल्यानं तो भरता येतो.

छापल्यावरही पृष्ठभाग नाजूकच राहतो, आणि या कागदाचे मार्क कापायचे असतील तर इथेच. काळ्या भागावरून नख किंवा दुसऱ्या प्रिंटची कड गेली तरी चमकणारी रेघ उमटते, आणि ती जात नाही. प्रिंट्स एकमेकींवर थेट ठेवू नयेत, मधे आम्लरहित ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद) घालावा. सुती हातमोजे वापरावेत. किमान २४ तास मोकळ्या हवेत वाळू द्यावं, कारण शाईतले ग्लायकोल हळूहळू उडतात. घाईनं काचेखाली बंद केली तर काचेला आतून धुरकट थर येतो आणि ग्राहक बुरशी समजून प्रिंट परत आणतो. काचेशिवाय लावायची असेल तर कंपनीचाच संरक्षक स्प्रे, एका जाड थराऐवजी तीन पातळ थर, आणि पावसाच्या दिवशी मुळीच नाही.

खर्चाचं गणित रोलवर करावं. स्टुडिओचा दर बहुधा चौरस इंचावर असतो, आणि किनारही त्यात मोजली जाते, हे विचारून घ्यावं. २४ इंची रोल (त्यासाठी वरच्या ए२ प्रिंटरांहून रुंद यंत्राचा स्टुडिओ लागतो) १२ मीटरचा, म्हणजे ४७२ इंच. हाफ इम्पिरियल चित्राची २२ इंचाची बाजू रोलच्या रुंदीवर घातली तर दोन्हीकडे एकेक इंच उरतो, आणि वरखाली दोन-दोन इंच किनार धरून एक प्रिंट १९ इंच खाते. हिशेबानं २४ निघतात, सुरुवात-शेवट आणि एखादी बिघडलेली वजा जाता २२. म्हणून २० अंकांचं संस्करण आणि दोन चित्रकाराच्या प्रती, असं ठरवलं तर एक रोल एक संस्करण होतं आणि सगळ्या प्रती एकाच बॅचच्या कागदावर येतात. रोलच्या शेवटच्या प्रती घट्ट गुंडाळलेल्या असतात; त्या दोन दिवस वजनाखाली सपाट कराव्या लागतात. एकदम सगळं छापणं परवडत नसेल तर पहिली मंजूर प्रत सही करून अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवावी आणि पुढची प्रत्येक प्रत तिच्याशी जुळवावी, स्क्रीनशी नव्हे. ए२ चे सुटे कागद घेणार असाल तर १५ × २२ चं चित्र त्यावर मावतं खरं, पण किनार जेमतेम पाऊण इंच राहते आणि सहीला जागा उरत नाही. चित्र १३ × १९ इंचांवर आणलेलं बरं.

सही पेन्सिलीनं, चित्राखालच्या किनारीवर: डावीकडे ३/२० असा अंक, मधे चित्राचं नाव, उजवीकडे सही. या मॅट लेपावर एचबी किंवा २बी छान बसते. बॉलपेन लेप खरवडतं, जेल पेनची शाई पसरते. हानेम्यूलेच्या प्रमाणपत्रांबरोबर एकाच क्रमांकाचे दोन होलोग्राम येतात, एक प्रिंटच्या पाठीवर आणि एक प्रमाणपत्रावर लावायचा. ते चांगलं आहे, पण त्यापेक्षा वही महत्त्वाची. अंक, तारीख, कागद, प्रिंटर, फाइलचं नाव, कुणाला दिली. वीस जाहीर केल्यावर एकविसावी काढायची नाही, आणि दुसऱ्या आकारात पुन्हा काढायचा विचार असेल तर ते पहिल्याच प्रमाणपत्रावर लिहायचं. या प्रिंटला मुद्राचित्रही म्हणू नये. लिथो, एचिंग, लाकूडठसा यांत ठसा हीच कलाकृती असते, इथे चित्राची प्रतिकृती आहे. प्रतिकृतीत कमीपणा नाही. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातली ओलिओग्राफ (तैलचित्रांच्या छापील प्रती) घराघरांच्या देव्हाऱ्यात पोचली, आणि आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी त्याच छापखान्यासाठी फोटोलिथोचं काम करत होते.

हक्कांबद्दल दोन गोष्टी पक्क्या माहीत असाव्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मूळ चित्र विकलं म्हणून प्रती काढण्याचा हक्क आपोआप जात नाही. तो लेखी करारानंच जातो, आणि चित्रकाराच्या पश्चात ६० वर्षं टिकतो. पण पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राला कलम १७ मधला वेगळा नियम आहे. उलट करार नसेल तर त्या चित्राचा पहिला हक्कदार ते काढायला सांगणारा माणूस ठरतो. वाड्याचं, दुकानाचं, कुटुंबाचं चित्र काढून देताना ‘प्रतींचा हक्क चित्रकाराकडे’ ही एक ओळ पावतीवर दोघांच्या सहीनं आधीच घ्यावी.

फ्रेमवाल्याला सूचना लिहून द्याव्यात. आम्लरहित माउंट (प्रिंटभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), काच आणि प्रिंट यांच्यात माउंटच्या जाडीचं अंतर, मागे एमडीएफ थेट टेकवायचं नाही. प्रिंट फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीनं टांगायची; सेलोटेप नाही, फेव्हिकॉल नाही, चारी बाजूंनी चिकटवणं तर नाहीच, कारण कापूस पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो, आणि जखडलेली प्रिंट मधोमध फुगा धरते. पाठीमागची कड कागदी टेपनं बंद केली की कसर आत शिरत नाही. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा रबराचे ठोकळे लावावेत, म्हणजे ऑगस्टमध्ये ओल धरणाऱ्या भिंतीपासून ती अर्धा इंच दूर राहते आणि मागून हवा फिरते.